यीस्ट आणि मज्जातंतूंची वेदना : विषयप्रवेश

तळपायांची आग होते, रात्री पायांवर चादरही नकोशी वाटते, बोटांना मुंग्या येतात. त्याच रुग्णाच्या जिभेवर वरचेवर पांढरा थर जमतो, जांघेत खाज सुटते, बाई असेल तर अंगावरून पांढरे जाते. या दोन तऱ्हेच्या तक्रारींचा आपसांत काही संबंध असेल का? रुग्ण हा प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांनी मनाशी धरलेले असते. डॉक्टर बहुधा तो ऐकून घेण्याआधीच झटकून टाकतात. प्रश्न मात्र दोघांना वाटतो त्याहून अधिक खोल आहे.

या अभ्यासाला वैद्यकात स्वतंत्र विभाग नाही. जिभेवरचा थर दंतवैद्य पाहतात, जांघेतली खाज त्वचारोगतज्ज्ञ, पांढरे जाणे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मुंग्या मज्जाविकारतज्ज्ञ. चार जणांच्या चिठ्ठ्या एकाच फाइलीत असतात, पण त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला कुणाला सवड नसते. म्हणूनच या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या विद्यार्थ्याला, जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला आणि जाणत्या वाचकालाही इथे करण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी दोन्ही बाजूंची ओळख करून घेऊ. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. माणसाच्या संदर्भात तिची मुख्य प्रतिनिधी म्हणजे कँडिडा अल्बिकन्स. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात ती कसलाही त्रास न देता नांदत असते. अँटिबायोटिकचा कोर्स, स्टेरॉइड, गर्भारपण, वाढलेली साखर किंवा ढासळलेली प्रतिकारशक्ती यांमुळे तिला मोकळे रान मिळते. मग तिच्या गोल पेशींना लांब तंतू फुटतात आणि ते ऊतींत शिरतात. हे तंतू कँडिडालायसिन नावाचे विष सोडतात आणि ते अस्तरपेशींना भोके पाडते, हे 2016 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरी बाजू मज्जातंतूंच्या वेदनेची. मार लागला की दुखते, ते दुखणे वेगळे. इथे निरोप पोचवणारी ताराच बिघडलेली असते, म्हणून जळजळ, चमका, मुंग्या आणि बधिरता एकत्र नांदतात, आणि कपड्याचा हलका स्पर्शही दुखतो.

या दोहोंची सांगड पहिल्यांदा ठळकपणे घातली ती अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरातले डॉक्टर ऑरियन ट्रस यांनी. थकवा, नैराश्य, डोकेदुखी, अंगदुखी, मुंग्या अशा कितीतरी तक्रारींचे मूळ आतड्यातल्या कँडिडात आहे, असे त्यांनी 1978 पासून मांडले. 1983 मध्ये त्यांचे पुस्तक आले, आणि त्याच वर्षी विल्यम क्रुक यांचे ‘द यीस्ट कनेक्शन’. दुसरे पुस्तक घरोघरी पोचले. साखर बंद, ब्रेड बंद, महिनोन्‌महिने निस्टॅटिन हे बुरशीनाशक, असा एक संप्रदायच उभा राहिला.

या दाव्याची कसोटीही बर्मिंगहॅममध्येच लागली. तिथल्या विद्यापीठातील विल्यम डिसम्युक्स आणि सहकाऱ्यांनी अशा तक्रारी असलेल्या 42 स्त्रियांना आठ-आठ आठवड्यांचे चार उपचारक्रम आळीपाळीने दिले. तीन क्रमांत निस्टॅटिन तोंडाने, योनिमार्गातून किंवा दोन्ही वाटांनी होते. चौथ्यात नुसते औषधासारखे दिसणारे काहीतरी. कोणता क्रम चालू आहे हे डॉक्टरांना आणि रुग्णांना ठाऊक नव्हते. 1990 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आला : योनिमार्गाच्या तक्रारी निस्टॅटिनने अधिक कमी झाल्या, अंगभरच्या तक्रारी मात्र चारही क्रमांत कमी झाल्या आणि निस्टॅटिन तिथे सरस ठरले नाही. या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्याच दिवशी वाचावा असा हा निबंध आहे. जिथे यीस्ट वाढले आहे तिथे औषध लागू पडते, आणि बरे वाटले म्हणजे औषधानेच बरे केले असे नव्हे, हे दोन्ही धडे त्यात एकत्र मिळतात.

त्यानंतर बऱ्याच डॉक्टरांनी हा विषयच मिटवून टाकला. ते घाईचे झाले, कारण त्याच विषयाचा एक अरुंद पण भक्कम भाग पुढे प्रयोगशाळेत उभा राहिला. त्वचेतल्या वेदनावाहक तंतूंना कँडिडा थेट चेतवते, हे 2015 साली ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले गेले. मिरचीची आग ज्या ग्राहीमुळे जाणवते तो टीआरपीव्ही-1 या तंतूंवर असतो. चेतवलेले तंतू सीजीआरपी नावाचे द्रव्य सोडतात, आणि त्यामुळे त्या जागी बुरशीविरुद्धची प्रतिकारयंत्रणा जागी होते. हे तंतू नष्ट केले तर उंदरांना संसर्ग आवरत नाही. म्हणजे बुरशीच्या जागी होणारी जळजळ हा शरीराच्या पहाऱ्याचाच एक भाग ठरतो.

संसर्ग गेल्यावरही हा पहारा उठला नाही तर काय होते? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील जेफ्री मोगिल यांच्या गटाने 2011 साली त्याचे उत्तर शोधले. उंदरांच्या माद्यांना योनिमार्गात कँडिडाचा संसर्ग वारंवार घडवला आणि दर वेळी फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशकाने तो बरा केला. बुरशी गेली, तरी काही माद्यांत त्या भागाला स्पर्श केला की दुखणे शिल्लक राहिले, आणि तपासल्यावर तिथे वेदनातंतूंची दाटी वाढलेली आढळली. यीस्टच्या पेशीभित्तीपासून काढलेले, ज्यात जिवंत जंतू नाही असे झायमोसान वापरूनही तेच घडले. रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी स्त्रियांच्या ऊतींचे नमुने तपासले. योनिमुखावर जिथे दुखते तिथल्या पेशी थोड्याशा यीस्टनेही अधिक दाहकारक द्रव्ये सोडतात, असे त्यांना दिसले. ‘व्हल्व्होडायनिया’ या दुखण्याचे एक मूळ इथे सापडते.

याचा अर्थ आपल्याकडच्या बाईच्या बाबतीत नीट समजून घ्यायला हवा. दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि खाज ही यीस्टची खूण. पण स्राव थांबला, खाज गेली, तपासणीत बुरशी नाही, आणि बसताना किंवा संबंधाच्या वेळी आग मात्र तशीच आहे, असे असेल तर औषधाच्या दुकानातून आणलेली फ्लुकोनॅझोलची आणखी एक गोळी तिच्या कामाची नाही. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्याने योनिमुखाला हळुवार स्पर्श करून नेमके कुठे दुखते ते पाहावे. ही तपासणी मिनिटभराची आहे. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य ऐकून घरी गेलेल्या बाईच्या दुखण्याला या तपासणीमुळे नाव मिळू शकते.

आता उरला हातापायांचा प्रश्न, आणि गोंधळ सर्वांत जास्त इथेच आहे. आतड्यातले कँडिडा तळपायांच्या नसा बिघडवते, याला पुरावा नाही. पण दोन्ही तक्रारी एकाच वेळी असणे अगदी नेहमीचे आहे, कारण दोन्हींचा जनक अनेकदा एकच असतो : मधुमेह. मधुमेहाच्या रुग्णाची एक साधी चिठ्ठी घ्या. तिच्यावर मेटफॉर्मिन आहे आणि डापाग्लिफ्लोझिन आहे. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते, म्हणून जननेंद्रियांवर यीस्ट वाढायला वाव मिळतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतले की बी-12 कमी होऊ शकते, आणि रुग्ण शाकाहारी असेल तर ते आधीच बेताचे असते. बी-12 कमी झाले की मुंग्या येतात आणि जीभ लाल होऊन झोंबते. त्या जिभेलाही कुणी बुरशी समजते. मधुमेह स्वतः नसा बिघडवतो तो वेगळाच. एका चिठ्ठीत यीस्टची दोन आणि मुंग्यांची दोन कारणे सापडली; आतड्यातल्या यीस्टवर दोष टाकण्याची गरजच पडली नाही.

औषधांची दुसरी बाजूही पाहावी लागते. गजकर्णासाठी आठवडेच्या आठवडे दिले जाणारे इट्राकोनॅझोल आणि गंभीर बुरशीसंसर्गात वापरले जाणारे व्होरिकोनॅझोल यांनी काही रुग्णांच्या नसांना इजा होते. मेट्रोनिडॅझोल दीर्घकाळ घेतल्यानेही तसेच होते, आणि त्याच्या कोर्सनंतर यीस्टही वाढू शकते. मुंग्या ‘यीस्टच्या’ समजून बुरशीनाशक लांबवत नेले, तर इलाजच दुखण्यात भर घालतो.

महाराष्ट्रात आणखी एक भान हवे. पाठीवर, दंडावर फिकट चट्टे आले की आपण ‘शिबं’ म्हणतो. ते मॅलेसेझिया नावाच्या यीस्टमुळे येतात आणि त्यांवरची संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगाचा चट्टाही फिकटच दिसतो, पण त्याचा जंतू खरोखर मज्जातंतूंच्या आवरणपेशींत घर करतो आणि चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही. डोळे मिटायला सांगून कापसाचे टोक चट्ट्यावर टेकवा आणि ‘कुठे लागले?’ असे विचारा. रुग्णाला सांगता आले नाही, तर मलम देऊन परत पाठवू नका.

या क्षेत्राची शिस्त तीन प्रश्नांत मावते. दुखणे बुरशीच्याच जागी आहे की दूर? आधी काय सुरू झाले? आणि दोन्हींना कारण होईल असे तिसरे काही आहे का? त्यासाठी लागणारी सामग्री साधी आहे : स्पर्शासाठी 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, कंपनासाठी 128 हर्ट्झचा नादकाटा, साखरेची एचबीए1सी आणि बी-12 या चाचण्या, आणि घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी. बारीक तंतूच बिघडले असतील तर नसांची नेहमीची विद्युत्‌चाचणी ठीक येते. तेव्हा घोट्याच्या वर घेतलेला 3 मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा तंतूंची विरळता दाखवतो. सकाळी पेलाभर पाण्यात थुंकून ‘कँडिडा’ ओळखण्याची चाचणी मात्र निरर्थक आहे. विष्ठेत यीस्ट सापडले एवढ्यावरूनही काही ठरत नाही, कारण ते निरोगी माणसातही सापडते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांना एकच विनंती. रुग्णाने जोडलेला संबंध हसण्यावारी नेऊ नका आणि तपासल्याशिवाय मान्यही करू नका. तक्रारी, औषधे आणि तपासण्या तारीखवार एका कागदावर मांडा. रुग्ण असाल तर तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा; डॉक्टर असाल तर तो वाचून झाल्यावरच पेन उचला.