दास्तानीतला देव

आमच्या घरांत दादी-नानी गोष्टी सांगत, तेव्हा एक शब्द आम्हाला हमखास अडवायचा. त्यांच्या गोष्टीतला ‘देव’ शिंगे असलेला, माणसे पळवणारा राक्षस असे. शाळेच्या मराठी पुस्तकातला देव मात्र पूजनीय. हा घोळ कुणी उलगडून सांगितला नाही.

घोळ फार जुना आहे. वैदिक परंपरेत देव वंदनीय राहिले, तर झरथुष्ट्राच्या धर्मात ‘दएव’ निंद्य ठरले. तोच इराणी देव फिरदौसीच्या शाहनाम्यात आला. परीही इराणचीच. अवेस्तातली दुष्ट मायाविनी पुढे फारसीत सुंदर झाली. जिन्न मात्र अरबस्तानचे. कुरआनात 72 वी सूरत त्यांच्याच नावाची आहे आणि हजरत सुलैमान (अलै.) यांच्यासाठी जिन्न राबत, असाही उल्लेख आहे.

हे सगळे एकत्र आले ते दास्तान-ए-अमीर हमजात. प्रेषित मुहंमद (स.) यांचे चुलते हजरत हमजा (रजि.) 625 मध्ये उहुदच्या लढाईत शहीद झाले, हा इतिहास. दास्तानीतला हमजा कोहकाफला जाऊन देवांशी लढतो, ही कल्पना. ऐकणाऱ्यांना हा फरक कळत होता. अकबराने या कथेची सुमारे 1400 चित्रे काढून घेतली. इराणहून आलेल्या मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली हिंदू-मुस्लिम चित्रकार त्यासाठी राबले. पुढे लखनौला मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने उर्दू दास्तानीचे 46 खंड छापले. त्यांतल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे पहिले चार भाग मुहंमद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. 1888 साली आलेल्या देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’त तेच तिलिस्म, तेच अय्यार हिंदीत अवतरले.

या कथांवर दोन्हीकडून आक्षेप आले. आपल्यातले काही म्हणाले, हे खोटे आहे, अंधश्रद्धा वाढवणारे आहे. बाहेरचे म्हणाले, हे परके आहे. आम्हाला दोन्ही पटत नाही. दास्तानीत जादूगारांची कितीही चलती असो, जादूला शेवटचा शब्द कधीच मिळत नाही. इस्मे आजमपुढे ती विरते. स्वतःला खुदा म्हणवणाऱ्या लकाचे तर हसेच होते. तौहीदची शिकवण यापेक्षा सोपी करून कोण सांगणार? आणि ज्या कथेत इराणचा देव, अरबस्तानचा जिन्न व हिंदुस्थानची चित्रकला एकत्र नांदली, ती परकी कशी?

दिल्लीचे दास्तानगो मीर बाकर अली 1928 मध्ये वारले आणि ही कला जवळजवळ थांबली. 2005 मध्ये शम्सुर्रहमान फारुकी व महमूद फारुकी यांच्या प्रयत्नाने ती पुन्हा मंचावर आली. मराठीत मात्र आम्ही अजून गप्पच आहोत. ‘देव’ या शब्दाचे दोन्ही अर्थ आम्ही एकाच घरात ऐकले. तो घोळ आमची अडचण नव्हे, आमचे भांडवल आहे. दादी-नानींची पिढी सरत चालली आहे. त्यांच्या गोष्टी आता आम्हीच मराठीत लिहून ठेवायला हव्यात.