अंधारातील नाट्य : आकाशवाणीवरील रहस्यश्रुतिका

केवळ ध्वनीच्या आधारे सादर होणारे नाटक म्हणजे नभोनाट्य अथवा श्रुतिका. रंगमंचावर काळोख फार काळ ठेवता येत नाही. नभोनाट्यात मात्र काळोख हीच मूळ अवस्था असते. त्यामुळे रहस्य आणि साहस हे विषय या माध्यमाला आरंभापासूनच मानवले. बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित केलेल्या रिचर्ड ह्यूज यांच्या ‘ए कॉमेडी ऑफ डेंजर’ या नाटकात कोळशाच्या खाणीतील दिवे अकस्मात विझतात आणि तेथूनच कथानक पुढे सरकते. अमेरिकेत ‘द शॅडो’ आणि ‘सस्पेन्स’ या मालिकांनी श्रोत्यांना खिळवून ठेवले. १९६२ मध्ये ‘सस्पेन्स’ बंद झाली आणि तेथील नभोनाट्याचा सुवर्णकाळ संपला, असे मानले जाते.

मुंबईत नियमित नभोवाणी २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा प्रारंभ झाला आणि ‘हवामहल’मुळे लघुनाटिका घरोघरी पोहोचली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून जाहिरात सेवा सुरू झाल्यावर प्रायोजित कार्यक्रमांची वाट मोकळी झाली. फ्लास्क बनविणाऱ्या कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी ‘इन्स्पेक्टर ईगल’ ही हिंदी रहस्यमालिका त्याच परंपरेतील. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी श्रोत्याला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते.

या नाट्यप्रकाराची ताकद समजून घेण्यासाठी पोलादपूर तालुक्यातील उमरठ गावाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या तानाजी मालुसरे यांचा १६७० मधील सिंहगडाचा प्रसंग घ्यावा. रात्र, कडा आणि दोर हे रंगमंचावर उभे करणे कठीण. नभोनाट्याला दोराची घसट, दबलेला श्वास आणि निसटलेला एक दगड पुरेसा होतो. करवंट्यांतून घोड्यांच्या टापा, हलवलेल्या पत्र्यातून मेघगर्जना आणि चुरगळलेल्या सेलोफेनमधून अग्नी, असे हे साधे तंत्र. कडा किती उंच, हे श्रोताच ठरवतो.

सावित्रीकाठचे पोलादपूर कशेडी आणि आंबेनळी या घाटांच्या पायथ्याशी वसले आहे. अशा डोंगराळ मुलखात एफएम लहरी सहज अडतात. मध्यम लहरी मात्र जमिनीलगत दूरवर जातात आणि सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर पोहोचतात. रात्रीचे नाटक दूरच्या खोऱ्यांत ऐकू येई, ते या गुणामुळे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे संध्याकाळचा श्रोता प्रेक्षक बनला. छापलेली रहस्यकथा रद्दीच्या दुकानातही सापडू शकते. पण ज्या श्रुतिकेचे ध्वनिमुद्रण जपले गेले नाही, ती प्रसारणाबरोबरच विरून जाते. संहिता उरली, तरी तो आवाज, तो विराम आणि ती पावले परत येत नाहीत. म्हणूनच घराघरांतील जुन्या ध्वनिफिती अडगळ समजून टाकून देण्यापूर्वी त्या एकदा ऐकून पाहणे अगत्याचे आहे.