तपकीर गल्लीतला सेल आणि गुमगावचा ढिगारा

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी आजचा भाग लिहून देतोय.

सुरुवात बुधवार पेठेतून. रेकॉर्डरचे सेल संपले म्हणून मी तपकीर गल्लीत गेलो आणि चार पेन्सिल सेल घेऊन आलो. साधा असो की अल्कलाइन, या सेलच्या पोटात एक काळी पूड असते, मँगनीज डायऑक्साइडची. आपल्याकडे भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून सेलच्या कारखान्यांना लागणारं असं खनिज निघतं. सेल संपला की आपण फेकून देतो. पण खनिजासाठी उपसलेला बिनकामाचा दगड तिथेच राहतो. आजची गोष्ट त्या दगडाची.

१८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाने ब्रिटिशांनी विदर्भ-बालाघाट पट्ट्यात मँगनीजचा धंदा सुरू केला. १९६२ मध्ये त्याची ‘मॉइल’ झाली, भागीदारी केंद्र, राज्यं आणि ब्रिटिश कंपनी अशी. १९७७ मध्ये ब्रिटिशांचा उरलेला ४९ टक्के हिस्साही सरकारने घेतला. मालक बदलले, पण खाणीशेजारचे ढिगारे तिथेच.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, झाडं लावा की! इथेच तर खरी अडचण आहे. ढिगारा म्हणजे माती नव्हे. त्यात सेंद्रिय पदार्थ नाही, नत्र नाही, पाणी धरून ठेवायची ताकद नाही. मुळांना मदत करणारे जिवाणू आणि बुरशी तर जवळजवळ नसतातच. अशा ठिकाणी रोप लावलं तर फोटोपुरतं टिकतं, पुढच्या उन्हाळ्यात जळतं.

नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने यावर उपाय शोधला. सावनेर तालुक्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीत त्यांनी ढिगाऱ्याला आधी खाऊ घातलं! खाऊ कसला? प्रेसमड. उसाचा रस गाळल्यावर साखर कारखान्यात उरतो तो गाळ. शिवाय रोपांच्या मुळांना रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा बुरशी लावली. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्याच्या कचऱ्यावर घालून माती तयार करायची, अशी ही आयडिया. मग साग, शिसव, कडुनिंब अशी आपली झाडं.

हीच पद्धत त्यांनी कोळशाच्या ढिगाऱ्यावरही वापरली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जागा होती १० हेक्टर, आणि प्रेसमडऐवजी सांडपाणी प्रक्रियेतला गाळ, हेक्टरी ५० टन. मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी नुसती झाडं मोजली नाहीत. मातीतले जिवाणू मोजले, बुरशीचे बीजाणू मोजले, जड धातू किती कमी झाले ते तपासलं.

हे महत्त्वाचं का, ते मला स्वतःच्या चुकीतून कळलं. मी सॉफ्टवेअरवाला. सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात, एक पिक्सेल १० मीटरचा. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं. या फरकावरून हिरवाईचा आकडा निघतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. पुण्याबाहेरच्या एका बंद दगडखाणीवर मी कोड चालवला. मस्त हिरवीगार! मित्रांना ग्रुपवर पाठवलंसुद्धा. नंतर लक्षात आलं, फोटो सप्टेंबरचा होता. मे महिन्याचा काढला तर सगळं तपकिरी. पावसाळ्यातलं गाजर गवत आणि टाकळा मी जंगल समजून बसलो होतो.

कोल इंडियाच्या मोठ्या खुल्या खाणींवर रांचीची सीएमपीडीआय ही संस्था २००८ पासून उपग्रहातून नजर ठेवते. ते हवंच. पण उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, मुळाखाली काय चाललंय ते दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी ढिगाऱ्यावर चढून, मातीचा नमुना पिशवीत भरून, दरवर्षी त्याच जागी परत जायला लागतं.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, की खाणकाम संपलं की लगेच त्या जागी पुन्हा गवत उगवायचं, अशी अट भाडेपट्ट्यातच घाला. जमीन चारा, झाडं आणि प्राण्यांसाठी योग्य व्हायला हवी. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश शरद बोबडे, मूळचे नागपूरचे. आदेशात चारा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण खाणीआधी त्या जमिनीवर कुणाचीतरी गुरं चरत असतील, आणि गाईला एनडीव्हीआय खाता येत नाही.

तर मंडळी, यापुढे ‘खाणीवर इतकी लाख झाडं लावली’ अशी बातमी आली, की तीनच प्रश्न विचारा. तिसऱ्या उन्हाळ्यात किती जगली? मातीत काय बदललं? आणि खाणवाले निघून गेल्यावर मोजणार कोण?

माझे चार सेल आता संपत आलेत. ते कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात देणार आहे. भेटू पुढच्या भागात!