उरलेल्या दाढेचा इतिहास

१/
मराठीत दाढ 'किडते'. या क्रियापदात एक फार जुनी समजूत टिकून आहे : दाढेत कीड, म्हणजे अळी, शिरते आणि तिला आतून पोखरते. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांपासून सुश्रुतसंहितेतील 'कृमिदंता'पर्यंत ही कल्पना आढळते. समजूत मावळली, शब्द राहिला. पोखरलेल्या दाढेचे करायचे काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक युगाला नव्याने सोडवावा लागला. आजच्या दंतवैद्यकात त्याच्या एका उत्तराला 'ऑनले' म्हणतात. त्या उत्तरापर्यंतच्या प्रवासाची ही कथा.

२/
आरंभ बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे होतो. तेथील नवाश्मयुगीन दफनभूमीत नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांवर गारगोटीच्या टोकाने पाडलेली छिद्रे आढळली. हे संशोधन २००६ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. या दाढांचा काळ आजपासून सुमारे ९००० ते ७५०० वर्षांपूर्वीचा. छिद्रांच्या कडा चघळण्याने गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे छिद्र पाडले तेव्हा माणूस जिवंत होता आणि पुढेही त्या दाढेने जेवत होता. मणी कोरणाऱ्यांचे सामते दाढेवर चालवले गेले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

३/
छिद्र पाडता आले, तरी ते भरण्याचा पुरावा मेहेरगढमध्ये मिळत नाही. भरण्याचा एक जुना दाखला आजच्या स्लोव्हेनियातील लोंचे येथे सापडलेल्या जबड्यात आहे. सुमारे ६५०० वर्षांपूर्वीच्या या जबड्यातील तडा गेलेल्या सुळ्यावर मधमाशीचे मेण बसवलेले आहे. ते जिवंतपणी बसवले की मृत्यूच्या सुमारास, हा वाद मिटलेला नाही. मेण मऊ आणि घासाखाली झिजणारे, पण याच मेणाला पुढे या कथेत पुन्हा यायचे आहे.

४/
दाढेची अडचण समजण्यासाठी तिची रचना ध्यानात घ्यावी लागते. पुढचे दात तोडतात, दाढा दळतात. म्हणून दाढेच्या माथ्यावर चार-पाच उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये खाचा. कीड बहुधा खाचेत किंवा दोन दाढांच्या फटीत लागते. ती कोरून काढली की मध्ये पोकळी आणि भोवती उभ्या पातळ भिंती उरतात. चावण्याचा सगळा भार त्या भिंतींवर येतो. पोकळी भरणे हे अर्धेच काम. भिंती उभ्या राहतील का, हा खरा प्रश्न.

५/
शतकानुशतके हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण उपाय एकच होता : उपटणे. १७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार याचा दंतशस्त्रवैद्यकावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या व्यवसायाला शास्त्राचे रूप येऊ लागले. किडलेल्या दातांत अळ्या आहेत का, हे फोशारने सूक्ष्मदर्शकातून पाहिले. अळ्या दिसल्या नाहीत आणि त्याने तसे लिहून ठेवले. पोकळी कोरून कथील, शिसे किंवा सोन्याचा वर्ख भरण्याची रीत त्याने सांगितली. जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवते, हा उलगडा मात्र १८९० साली विलबी मिलरच्या ग्रंथाने झाला.

६/
एकोणिसाव्या शतकात सोन्याचा वर्ख हे प्रतिष्ठेचे भरण होते. शुद्ध सोन्याचे पापुद्रे थंड स्थितीतही एकमेकांना सांधता येतात, हा गुण १८५५ मध्ये रॉबर्ट आर्थर या अमेरिकी दंतवैद्याने प्रत्यक्ष उपयोगात आणला. दाढेच्या पोकळीत इवलासा वर्ख ठेवायचा, हातोडीने ठोकायचा, त्यावर दुसरा, मग तिसरा. लाळेचा थेंब पडला तरी काम बिघडे. म्हणून १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नम याने दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणण्याची युक्ती काढली. असे भरण दीर्घकाळ टिके, पण रुग्णाला तासन्‌तास ठोके सोसावे लागत आणि पैसेही बरेच मोजावे लागत.

७/
ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांच्यासाठी पारा आला. चांदीचा कीस पाऱ्यात कालवून केलेला लगदा पोकळीत दाबला की तो काही वेळात घट्ट होतो. महाराष्ट्रात आजही ज्याला 'दातात चांदी भरणे' म्हणतात, तो हाच प्रकार. १८३३ मध्ये क्रॉकर बंधूंनी तो भपकेबाज नावाने न्यूयॉर्कमध्ये आणला. कीड नीट न काढताच ते लगदा भरत. प्रतिष्ठित दंतवैद्य संतापले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी दंतशल्यचिकित्सकांच्या संस्थेने १८४५ मध्ये सभासदांकडून हे मिश्रण न वापरण्याची प्रतिज्ञा लिहून घेतली.

८/
प्रतिज्ञेने संस्थेतच फूट पडली आणि १८५६ मध्ये ती विसर्जित झाली. पाऱ्याचे मिश्रण राहिले, कारण सामान्य माणसाची दाढ वाचवणारे दुसरे स्वस्त साधन नव्हते. त्याला शास्त्रीय शिस्त लावली ती इलिनॉयच्या ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक याने (१८३६-१९१५). आकुंचन-प्रसरण मोजत त्याने मिश्रणाचे प्रमाण बसवले. चावण्याचा जोर मोजण्यासाठी उपकरण तयार केले. पोकळी कोणत्या आकाराची कोरावी, याचे नियम घालून दिले.

९/
ब्लॅकचा एक नियम फार गाजला : प्रतिबंधासाठी विस्तार. कीड पुन्हा लागू नये म्हणून आजूबाजूच्या निरोगी खाचाही कोरून भरणात सामावून घ्यायच्या. त्या काळी फ्लोराइडचा वापर नव्हता आणि दात घासण्याची सवयही सार्वत्रिक नव्हती, हे पाहता नियमात तथ्य होते. पण त्याची किंमत दाढेला मोजावी लागे. विस्तार वाढला की भिंती पातळ होत. पाऱ्याचे मिश्रण दाढेला चिकटत नाही, ते पोकळीत अडकून बसते. त्यामुळे भरण शाबूत आणि शेजारचा उंचवटा तुटलेला, असे दृश्य वारंवार दिसे.

१०/
येथे विचाराची दिशा बदलण्याची गरज होती. पोकळीत माल ठासण्याऐवजी तिच्या मापाचा एकसंध तुकडा बाहेर घडवून आणून बसवता आला तर? डेट्रॉइटच्या चार्ल्स हेन्री लँड याने १८८० च्या दशकात प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर चिनी माती भाजून असे तुकडे केले. (पुढे एकट्याने अटलांटिक ओलांडणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हा लँडचा नातू.) दिसायला ते सुंदर होते, पण त्या काळची चिनी माती ठिसूळ होती. दाढेच्या भाराखाली तिचा निभाव लागणे कठीण होते.

११/
१५ जानेवारी १९०७ रोजी इलिनॉयमधील फ्रीपोर्टचा दंतवैद्य विल्यम टॅगर्ट याने न्यूयॉर्कच्या दंतवैद्यांपुढे आपली पद्धत मांडली. कोरलेल्या पोकळीत मऊ मेण दाबायचे आणि माथ्याला दाढेचा आकार द्यायचा. ते मेण अलगद काढून प्लास्टर व सिलिकाच्या साच्यात पुरायचे. साचा तापवला की मेण जळून जाते आणि नेमकी त्याच आकाराची पोकळी उरते. तिच्यात वितळलेले सोने वायूच्या दाबाने लोटायचे. तासन्‌तासांच्या ठोक्यांऐवजी एक अखंड तुकडा हाती येई.

१२/
तत्त्व नवे नव्हते. मोहेंजोदडोची कांस्य नर्तिका याच रीतीने ओतली गेली. चोळांच्या कांस्यमूर्तींचीही पद्धत हीच. संस्कृत शिल्पग्रंथांत तिला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. ओवीच्या जुन्या उल्लेखामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या, कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथातही मेणाचे वजन करून त्यावरून धातूचे वजन ठरवण्याची रीत सांगितली आहे. मूर्तिकाराची ही विद्या टॅगर्टने दाढेच्या मापावर आणली.

१३/
टॅगर्टने पेटंट घेतले, यंत्र विक्रीला काढले आणि पद्धत वापरणाऱ्या दंतवैद्यांकडून मोबदला मागितला. दंतवैद्य बिथरले. अनेकांनी स्वतःची स्वस्त यंत्रे जुळवली आणि त्याच्याविरुद्ध एकजूट केली. प्रकरण न्यायालयात गेले. तेथे आयोवातील बी. एफ. फिलब्रुक या दंतवैद्याचे काम पुढे आले. त्याने १८९७ मध्येच अशी पद्धत मांडली होती, पण तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नव्हते. या पूर्वसुरीमुळे टॅगर्टचा हक्क टिकला नाही.

१४/
निकालाचे दोन अर्थ लावता येतात. पद्धत खुली झाल्याने ती झपाट्याने पसरली आणि असंख्य रुग्णांना तिचा लाभ झाला. दुसरीकडे, ज्याच्या परिश्रमाने ती व्यवहारात उतरली त्याच्या पदरी व्यवसायबंधूंचा रोष आला. आणि ज्याला न्यायालयात अग्रमान मिळाला, त्या फिलब्रुकची आठवण त्याच्या व्यवसायाला झाली ती मुख्यतः टॅगर्टचे पेटंट पाडण्यासाठी.

१५/
तंत्रातही एक खोट होती. वितळलेले सोन्याचे मिश्रण गोठताना सुमारे दीड टक्का आकसते. दहा मिलिमीटर रुंदीच्या दाढेत हा फरक ०.१५ मिलिमीटरचा. मूर्तीत तो कोणाच्या लक्षात येणार नाही, पण दाढेत तेवढ्या फटीतून लाळ शिरते, सिमेंट झिजते आणि कीड परतते. १९२० च्या दशकात वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्ससह अनेक ठिकाणी याची काटेकोर मोजमापे झाली. उत्तर निघाले ते साच्यात : तापल्यावर फुगणारा सिलिका वापरून साचाच तेवढा मोठा करायचा. एकाचे आकुंचन दुसऱ्याच्या प्रसरणाने भरून निघाले.

१६/
ओतकाम अचूक झाल्यावर भिंतींचा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. उंचवट्यांच्या आत बसणाऱ्या तुकड्याला 'इनले' म्हणतात. मोठ्या पोकळीत त्याच्यावर भार पडला की तो लाकडात ठोकलेल्या पाचरीसारखा वागतो आणि दोन्ही भिंतींना बाहेर रेटतो. एके दिवशी दाढ उभी चिरते. उपाय असा की कमकुवत उंचवटे थोडे उतरवायचे आणि तुकड्याचा माथा त्यांच्यावरून पसरवायचा. भिंतींना बाहेर ढकलणारा भार आता त्यांना वरून दाबून धरतो. हाच ऑनले.

१७/
रचनेतील हा बदल लहान दिसतो, पण त्यामागे वेगळी दृष्टी आहे. ब्लॅकच्या काळात लक्ष पोकळीवर होते : ती कोरावी कशी, भरावी कशी. ऑनलेमध्ये लक्ष उरलेल्या दाढेकडे वळले. पूर्ण टोपी, म्हणजे बोलीतील 'कॅप', बसवण्यासाठी दाढ चहूबाजूंनी तासावी लागते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पूर्ण टोपीसाठी दाताच्या दृश्य भागाचा दोन तृतीयांशाहून अधिक हिस्सा जात असल्याचे आढळले. इनले-ऑनलेसाठी हे प्रमाण आकारानुसार सुमारे ५ ते २७ टक्के होते.

१८/
सोन्याचे ऑनले अनेक दशके उत्तम चालले. त्यांना धक्का बसला तो बाजारातून. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलर आणि सोन्याची सांगड सोडली. पूर्वी औंसाला ३५ डॉलर असलेला भाव जानेवारी १९८० मध्ये ८०० डॉलरच्या पुढे गेला. रुग्णांनाही दातासारखा रंग हवा होता. पण चिनी मातीच्या ठिसूळपणावर इलाज सापडल्याशिवाय ते शक्य नव्हते.

१९/
इलाजाची पूर्वतयारी झालेली होती. १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मायकेल बुओनोकोर याने दाताच्या एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल अर्धा मिनिट लावून पाहिले. पृष्ठभाग सूक्ष्म खळग्यांनी खरबरीत झाला आणि राळ त्याला घट्ट धरून बसली. आम्लाने दात विरघळतो म्हणून कीड लागते; तेच आम्ल मोजून वापरल्यावर दात जोडण्याचे साधन झाले. १९६२ मध्ये राफेल बोवेन याने दातांसाठी टिकाऊ राळेचे पेटंट घेतले. १९८० च्या दशकाच्या आरंभी चिनी मातीची आतली बाजूही आम्लाने खरबरीत करून चिकटवता येऊ लागली. चिकटल्यावर ठिसूळ तुकडा आणि पातळ भिंत एकमेकांना आधार देऊ लागले.

२०/
१९८५ मध्ये झ्युरिक विद्यापीठात वेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांनी वेगळा मार्ग दाखवला. कॅमेऱ्याने पोकळीची प्रतिमा घ्यायची, संगणकावर आकार आखायचा आणि चिनी मातीच्या ठोकळ्यातून तुकडा यंत्राने कोरून त्याच बैठकीत बसवायचा. आरंभी इनलेपुरते असलेले हे यंत्र काही वर्षांतच ऑनलेही घडवू लागले. येथे मेण नाही, साचा नाही, वितळलेले सोनेही नाही.

२१/
तरीही प्रत्येक किडलेल्या दाढेला ऑनले लागत नाही. लहान पोकळीला साधे भरण पुरते. भिंती फारच कमी उरल्या असतील तर पूर्ण टोपीच योग्य ठरते. ऑनलेची जागा या दोहोंच्या मध्ये आहे आणि ती ओळखण्यासाठी दंतवैद्याला आधी पाहावे लागते ते काय शिल्लक आहे. मेहेरगढचा तो अनाम कारागीर गारगोटी फिरवून थांबला, तेव्हा छिद्राभोवतीची दाढ त्याने राखली होती. तिच्या मालकाने पुढची वर्षे त्याच दाढेने घास चावला, याची साक्ष त्या गुळगुळीत कडा आजही देतात.

(समाप्त)