आधी नाव, मग गाव : परदेशी जाण्याच्या कागदांची गोष्ट

आम्ही आसगाव, तालुका पवनी इथल्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

मागच्या वर्षी धानाची कापणी आटोपली आणि आमच्यापैकी अकरा जणींनी लुंबिनीला जायचं ठरवलं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि प्राचीन स्तूप उजेडात आला, हे आपल्याला ठाऊक आहेच. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाचा विचार आपल्या वैनगंगेच्या काठी पोचला होता. आपणही एकदा त्यांचं जन्मस्थान डोळ्यांनी पाहावं, एवढीच इच्छा.

लुंबिनी नेपाळात आहे. नेपाळ परदेश असला तरी भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. मात्र ओळख दाखवावी लागते : पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचं फोटो असलेलं मतदार कार्ड. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्या माणसांना आधारसारखी इतर ओळखपत्रं चालतात. बाकीच्यांना नुसतं आधार चालत नाही.

हे आम्हाला कळलं निघायच्या आठ दिवस आधी. गटातल्या एका ताईचं वय बावन्न. पैसे सगळ्यांत आधी तिनेच भरले होते. तिचं मतदार कार्ड माहेरच्या नावाचं, आणि २०२० च्या महापुरात भिजून त्यावरचा फोटो पुसून गेलेला. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. आठ दिवसांत नवं कार्ड होईना. आम्ही दहा जणी गेलो, ती घरीच राहिली. चूक आमचीच होती. बसचं भाडं, डब्याची शिदोरी सगळं ठरवलं, पण कागद कुणी पाहिले नाहीत.

परत आल्यावर आम्ही विचार केला, परदेशी जायला हे कागद कधीपासून लागू लागले? शोध घेतला तेव्हा पहिली आठवण आली आनंदीबाई जोशींची.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. वय अठरा वर्षं. त्यांना ना पासपोर्ट लागला, ना व्हिसा. त्या काळी बहुतेक देशांत असे कागद कुणी मागतच नसे. अडवत होता तो समाज. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं लोक म्हणत. बाईने एकटीने जाणं तर फारच मोठं. तरी त्या गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांचं माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि नाव पडलं आनंदी. आज त्या निघाल्या असत्या तर खिडकीवर पहिला प्रश्न आला असता, “बाई, ही यमुना कोण आणि आनंदी कोण?” आपल्या ताईचं दुखणं तेच.

कागदांची सक्ती आली पहिल्या महायुद्धात. शत्रूचे हेर येतील, या भीतीने सरकारांनी पासपोर्ट मागायला सुरुवात केली. लढाई संपली, पण कागद राहिला. १९२० मध्ये पॅरिसच्या परिषदेत पासपोर्टच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला. इंग्रजांच्या त्या जुन्या पुस्तिकेत नवऱ्याच्या पासपोर्टवरच बायकोची नोंद करायची सोय होती. म्हणजे कित्येक बायका नवऱ्याच्या कागदावर बसून प्रवास करत.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा आला. पुढे १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने कारण न सांगता जमा करून घेतला. त्या कोर्टात गेल्या. १९७८ च्या निकालाने ठरलं की माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय असा हक्क काढून घेता येत नाही. एका बाईच्या खटल्याचा फायदा साऱ्या देशाला झाला.

डिसेंबर २०१६ मध्ये नियम आणखी सोपे झाले. पासपोर्टसाठी लग्नाचं प्रमाणपत्र देण्याची सक्ती गेली. आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालतं. घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव लिहावं लागत नाही. नियम आपल्या बाजूला आले आहेत, पण आपले कागद अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हणून आम्ही आता गटात हे करतो. बैठकीला प्रत्येकीने आधार, मतदार कार्ड, शाळेचा दाखला आणि बँकेचं पासबुक आणायचं. चारही चटईवर मांडायचे. नाव, आडनाव, जन्मतारीख जुळते का ते मोठ्याने वाचायचं. जुळत नसेल तर लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झाली आहे का ते पाहायचं. नावच बदललं असेल तर राजपत्रात नोंद करता येते. मतदार यादीतली चूक गावच्या बीएलओकडे अर्ज देऊन दुरुस्त होते. सहलीच्या आठ दिवस आधी नव्हे, सहा महिने आधी.

नेपाळपेक्षा दूर जायचं असेल तर पासपोर्ट हवाच. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, पण बरेच देश प्रवासाच्या वेळी त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. व्हिसा म्हणजे त्या देशाची परवानगी. थोड्या दिवसांच्या सहलीला ते सहसा परतीचं तिकीट, राहायचं ठिकाण आणि बँकेतली शिल्लक पाहतात. दर देशाचा नियम वेगळा आणि बदलताही असतो, म्हणून पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.

आमच्या ताईने जाताना एकच सांगितलं होतं, “माझ्यासाठी तिथल्या पिंपळाचं पान आणा.” गळून पडलेलं एक पान आम्ही आणून दिलं. तिचं नवं कार्ड आता आलं आहे, सगळीकडे एकच नाव. पुढच्या खेपेला पान ती स्वतः आणणार आहे, आणि आमच्यातल्या चार जणी पुन्हा तिच्यासोबत जाणार आहेत.

तुमच्याही गटात ही चटई या महिन्यात अंथरा, मैत्रिणींनो.