जन्माची वही

तुमच्या आळीतल्या वडीलधाऱ्या मंडळींना एकदा त्यांच्या जन्मतारखा विचारून पाहा. त्यांत निदान एकदोघे तरी ‘१ जून’ असे सांगतील, आणि सांगताना थोडेसे हसतील. शाळा जूनमध्ये भरायची. पोराचे बोट धरून बाप यायचा. मास्तर विचारायचे, “जन्म कधीचा?” बाप म्हणायचा, “पेरणी उरकली होती बघा.” मास्तर पोराकडे एकदा पाहायचे, पाच-सहा वर्षे मागे जायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या एका ओळीवर पुढे नोकरी लागे आणि त्याच ओळीवर माणूस निवृत्त होई.

माझी आई शाळेतच गेली नाही, म्हणून तिच्या वाट्याला १ जूनसुद्धा आला नाही. “पानशेत फुटलं तेव्हा मी कडेवर होते, असं माझी आई सांगायची,” एवढाच तिचा दाखला. पानशेत फुटले १२ जुलै १९६१ रोजी. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला असा पुरावा मोलाचा वाटतो, पण कचेरीत तो चालत नाही. आजोबांच्या जमिनीला वारस लावायची वेळ आली, तेव्हा ही त्यांचीच मुलगी, असे सांगणारा कागद हवा झाला. अशा वेळी जुनी माणसे सांगतात, “कोतवाल बुक बघा.”

ही वही काय होती, ते सांगतो. आपल्याकडे जन्माची वेळ टिपून ठेवण्याची चाल नव्हती असे नाही. ज्यांच्या घरी जोशीबुवा येत, त्यांच्याकडे शक, तिथी, घटका, पळे सगळे पत्रिकेत असे. पण पत्रिका घराची. सरकारदरबारी तिचे वजन बेताचेच. बाकीच्या समाजात जन्माची साक्ष सुईणीजवळ, आणि सुईण गेली की साक्षही गेली. गोव्यातली तऱ्हा वेगळी. तिथे चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या पोर्तुगीजांच्या राजवटीत फार आधीपासून होत्या, आणि पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर सरकारी नागरी नोंदणीही आली. १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांची मुले-नातवंडे आजही त्या नोंदींचे उतारे घेऊन लिस्बनच्या दप्तरात नाव लावायला धडपडतात.

इंग्रजी अमलातल्या आपल्या मुलखात १८८६ साली जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचा कायदा झाला. पण तो ऐच्छिक! ज्याला हौस असेल त्याने नोंद करावी. गावोगावची वही चाले ती वेगळ्याच कारणाने. पटकी, देवी, पुढे १८९६ पासून प्लेग. माणसे किती मेली याची सरकारला काळजी होती, आणि मेल्यांबरोबर जन्मलेलेही मोजले जात. गावचा पाटील किंवा कोतवाल बातमी आणायचा, नोंद व्हायची, आणि कागद तालुक्याला जायचे. महसुली भाषेत हाच गाव नमुना १४. वहीत तारीख असे, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी हे असे; मुलाचे नाव मात्र बहुधा नसे. बारसे व्हायच्या आतच नोंद झालेली, नाव कुठून येणार?

वय ठाऊक नसणे ही काही नुसती गमतीची गोष्ट नव्हती. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारावर आले. त्यावर केवढे रण माजले ते तुम्ही वाचले असेलच. पण मुलीला बारावे लागले की नाही, हे ठरवायचे कसे? पत्रिका, आईबापांची जबानी, नाही तर डॉक्टरचा अंदाज. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नासाठी मुलीला चौदा आणि मुलाला अठरा वर्षे ठरवली, तेव्हाही अडचण तीच. वय सांगणारे आईबाप, आणि लग्न लावणारेही तेच! माझ्या मते या सुधारणांचा अर्धा जीव या वहीत अडकलेला होता, आणि वादविवादात वहीकडे फारसे कुणी पाहिलेच नाही.

सक्ती आली ती १९६९ च्या कायद्याने; बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. आता इस्पितळ आपणहून कळवते; बाळंतपण घरी झाले तर कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांत कळवायचे, खेड्यात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत. नाव ठरले नसेल तरी थांबू नका. नाव मागाहून घालता येते, वर्षाच्या आत घातले तर फुकट. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळा, मतदार यादी, पासपोर्ट या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरतात. त्याच वर्षी मराठवाड्यात आणि पुढे राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. रोगराईच्या हिशेबासाठी धरलेल्या वहीतला जातीचा रकाना शंभर वर्षांनी असा कामाला आला.

तर आम्ही तालुक्याला गेलो. पाने हाताला लागताच तुकडे पडत होते. दोन दिवसांनी आजोबांचे नाव सापडले, पण दोनदा. १९५८ च्या फेब्रुवारीत ‘मुलगी’ आणि १९६० च्या नोव्हेंबरात ‘मुलगी’. नाव दोन्हीकडे नाही. मामा सगळे आईहून धाकटे, त्यांना काय ठाऊक? आई तर म्हणाली, “मीच थोरली.” मग कारकुनानेच सुचवले, मयतांची पाने बघा. तिथे १९५९ च्या पावसाळ्यात आजोबांच्या नावापुढे ‘मुलगी, वय दीड वर्ष, ताप’ असे सापडले. म्हणजे पानशेत फुटले तेव्हा कडेवर होती ती दुसरी, आठ महिन्यांची.

उतारा मिळाला, वारसाचे काम झाले. संध्याकाळी मी आईला तिची तारीख वाचून दाखवली. तिने ती दोनदा म्हणून पाहिली. मग म्हणाली, “आणि तिचं नाव काय लिहिलंय?”

मी कागद पुन्हा पाहिला. दोन्ही नोंदींत नावाची जागा कोरीच होती.