मनूफिया : नाईलच्या बेचक्यांतला मुलूख

श्रोत्यांनीं मिसर देशाचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. कैरो शहर मागें टाकून नाईल नदी थोडी उत्तरेस गेली कीं तिचे दोन फांटे होतात. एक रशीदकडे जातो, दुसरा दिमियातकडे. या दोहोंच्या बेचक्यांत जो निमुळता मुलूख सांपडतो, तोच मनूफिया प्रांत. येथें पिरॅमिड नाहींत, म्हणून प्रवासी क्वचितच थांबतो. काळी गाळाची जमीन, कालवे आणि एकमेकांस खेटून बसलेलीं खेडीं, एवढेंच त्याला दिसेल.

१८२० च्या सुमारास महंमद अलीनें लांब धाग्याच्या कापसाची लागवड सुरू केली. कापसाला उन्हाळ्यांत पाणी हवें, आणि नाईलचा पूर तर उन्हाळ्याच्या अखेरीस येई. म्हणून नदी दुभंगते तेथें बंधारे बांधण्यांत आले. ते कमकुवत निघाले, तेव्हां हिंदुस्थानच्या पाटबंधारे खात्यांतून गेलेल्या स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या देखरेखीखालीं ते दुरुस्त झाले. पाणी बारमाही झालें. फेल्लाहाचे, म्हणजे तेथील शेतकऱ्याचे, कष्टहि बारमाही झाले. जमीन मात्र वाढली नाहीं. तेथील फद्दान एकराहून किंचित् मोठा. वारसांत वाटण्या होतां होतां कित्येकांच्या वांट्यास तेवढाहि उरेना.

अशा घरीं कबूतरें म्हणजे शौक नव्हे, मालमत्ता. मातीच्या उंच खुराड्यांत तीं पाळतात. मांस घरांत, विष्ठा शेतांत. १३ जून १९०६ रोजीं कैरोहून अलेक्झांड्रियाकडे निघालेल्या पलटणींतील कांहीं इंग्रज अधिकारी देनशवाई गांवीं याच कबूतरांची शिकार करूं लागले. मळणीच्या जागीं आग लागली, गोळीनें एक स्त्री जखमी झाली, आणि गांव लाठ्याकाठ्या घेऊन धांवला. डोक्यास मार बसलेला एक अधिकारी छावणीकडे पळत असतां भर उन्हांत कोसळून मरण पावला.

शिबीन अल्-कोम या प्रांताच्या मुख्य शहरीं खास न्यायासन बसलें. अध्यक्ष होते बुत्रोस घाली, आणि एक न्यायाधीश फत्ही झगलूल, दोघेहि मिसरीच. २७ जूनला निकाल लागला. दुसऱ्याच दिवशीं त्याच गांवांत आप्तांच्या डोळ्यांदेखत चौघांना फांशी दिलें व इतरांना फटके मारले. शिक्षेंतील घाई व क्रौर्य पाहून खुद्द इंग्लंडांत बर्नार्ड शॉनें लेखणी उचलली. १९०७ मध्यें लॉर्ड क्रोमर गेले. १९१० सालीं बुत्रोस घालींचा खून झाला, तेव्हां मारेकऱ्यानें सांगितलेल्या कारणांत देनशवाईहि होतें.

फांशी गेलेल्यांपैकीं झहरान याच्यावर खेड्यापाड्यांतून कवन गाइलें जाऊं लागलें. याच प्रांतांतील मीत अबू अल्-कोम गांवीं १९१८ सालीं जन्मलेला एक मुलगा तें ऐकत वाढला. तो म्हणजे पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला अन्वर सादात. त्याच्यामागून त्या पदावर आलेला होस्नी मुबारकहि मनूफियाचाच. जमीन थोडी, म्हणून शाळा, पलटण नि सरकारी नोकरी यांकडे येथील तरुण वळले, असें यावरून मानण्यास हरकत नाहीं.

परकी राज्य गेलें तरी जमिनीचा तंटा मिटला नाहीं. १९५२ च्या कायद्यानें जमीनदारीस २०० फद्दानांची मर्यादा घातली. तरीहि कमशीश गांवीं बड्या घराण्याच्या वर्चस्वाविरुद्ध झगडणारा सलाह हुसेन ३० एप्रिल १९६६ रोजीं गोळीस बळी पडला. त्याची पत्नी शाहिंदा मकलद हिनें तो लढा पुढें अनेक वर्षें चालविला. १९७० नंतरच्या दशकांत तेलाच्या देशांत मजुरीची वाट मोकळी झाली. तेथून आलेल्या पैशांनीं खेड्यांतील मातीचीं घरें पाडून विटांचीं उभीं राहिलीं, आणि तीं बहुधा शेतांतच.